दारात रांगोळी नाही, म्हणजे घरात काहीतरी झालंय

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोघांनी मला एकाच पेशीबद्दल विचारलं, आणि दोघांना हवं होतं ते नेमकं उलटं. सोसायटीतले एक काका व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात घेऊन आले: 'एन-के पेशी वाढवा, कॅन्सरला दूर ठेवा.' गोळ्यांची बाटली होती आणि किंमत बघून मीच दोनदा शून्यं मोजली. दोन दिवसांनी मामेबहिणीचा फोन आला. तिचं आयव्हीएफ दोनदा फसलेलं. रक्ताच्या रिपोर्टवर 'एन-के पेशी जास्त' असा शेरा होता आणि त्या कमी करण्याचं औषध सुचवलेलं. तिने नाव गुगल केलं आणि हादरली. नॅचरल किलर. "ताई, म्हणजे माझ्याच अंगातल्या पेशी माझ्या बाळाला मारतायत का गं?"

काकांना त्या वाढवायच्या होत्या, बहिणीला कमी करायच्या होत्या. दोघांच्याही मनात चित्र मात्र एकच: तलवार उपसून फिरणारा मारेकरी, जितके जास्त तितका रक्तपात. या चित्रात गडबड आहे. ही पेशी मारते हे खरं, पण मारण्याआधी ती जे काही बघते, तपासते, तोलते, तिथे सगळी गंमत आहे.

आधी ओळख

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाचा एक गट असतो. त्यातल्या साधारण ५ ते १५ टक्के पेशी एन-के म्हणजे नॅचरल किलर. १९७५च्या सुमारास स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रोल्फ किसलिंग आणि सहकाऱ्यांना, आणि त्याच वेळी अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांना, त्या स्वतंत्रपणे सापडल्या. कॅन्सरच्या पेशींशी कधीही गाठ न पडलेल्या उंदरांच्या अंगातही त्या पेशींना मारणारं काहीतरी होतं. सुरुवातीला पुष्कळांनी ही प्रयोगातली खरखर समजून सोडून दिली होती. पूर्वतयारी न लागता, उपजतच मारतात, म्हणून 'नॅचरल'. नावातला भीतीदायक भाग इथेच संपतो.

त्या नसल्या तर काय होतं, याचं उदाहरण १९८९ साली प्रसिद्ध झालं. एका किशोरवयीन मुलीच्या रक्तात एन-के पेशी नव्हत्याच. कांजिण्यांसारखा एरवी आठवड्याभरात उतरणारा आजार तिच्या जिवावर बेतला, आणि पाठोपाठ त्याच घराण्यातले इतर विषाणूही.

पेशीच्या दारातली रांगोळी

आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिनं मांडून ठेवते. लाल रक्तपेशी हा ठळक अपवाद, त्यांच्याकडे नंतर येऊ. एचएलएचं काम असं: पेशीच्या आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे करायचे, आणि एकेक तुकडा एचएलएच्या खोबणीत बसवून बाहेर दाखवायचा. रोज सकाळी दारात रांगोळी काढावी आणि घरात काय शिजलंय त्याची चिमूटभर त्यात ठेवावी, तसं.

टी-पेशी नावाच्या दुसऱ्या सैनिक पेशी ही चिमूट बघत फिरतात. नेहमीची भाजी-भाकरी दिसली की पुढच्या दारी. विषाणूचा तुकडा दिसला की घरावर धाड. टी-पेशी अशा रीतीने बघतात हे शोधून काढल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांना १९९६चं नोबेल मिळालं.

आता विषाणूच्या बाजूने विचार करा. रांगोळीमुळे पकडले जात असू, तर सोपा उपाय कोणता? रांगोळी काढूच द्यायची नाही. अनेक विषाणू आणि अनेक कॅन्सरच्या पेशी हेच करतात. एचएलए पृष्ठभागावर पोचूच देत नाहीत, आणि टी-पेशीला बघायला काही उरत नाही.

माझ्या आजीच्या वाड्यात सकाळी कुणाच्या दारात सडा-रांगोळी दिसली नाही, तर शेजारणी आपसूक चौकशीला जायच्या. आजारपण आहे का, सुतक आहे का, काही बिनसलंय का. नसलेली रांगोळी हीच बातमी असायची. एन-के पेशी ही त्या शेजारणीच्या जातीची आहे.

स्टॉकहोम, १९८६

हे डोक्यात आलं क्लास कॅरे या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या. १९८१ सालच्या त्याच्या प्रबंधात ही कल्पना मांडलेली होती, १९८६ साली प्रयोगाचा पुरावा आला. उंदरांमधल्या एकाच लिम्फोमाच्या, म्हणजे लिम्फोसाइटच्या कॅन्सरच्या, दोन आवृत्त्या त्यांनी घेतल्या. एकीवर उंदरांचं एचएलए, म्हणजे स्वतःची खूण, शाबूत होती. दुसरीवर ती जवळजवळ नव्हती. खूण असलेला कॅन्सर उंदरांच्या अंगात वाढला. खूण हरवलेला कॅन्सर एन-के पेशींनी संपवला.

हे त्या वेळच्या समजुतीच्या अगदी विरुद्ध होतं. शरीर परक्या खुणेवर हल्ला करतं, असंच सगळे शिकले होते. इथे परकं काहीच नव्हतं, फक्त आपलं असं काहीतरी कमी होतं. कॅरेने या कल्पनेला 'मिसिंग सेल्फ' म्हटलं, आपण 'हरवलेली स्व-खूण' म्हणू. जुनं एक कोडंही त्यातून सुटलं. दोन वेगळ्या जातींच्या उंदरांचं पिल्लू स्वतःच्या आईचा किंवा बापाचा अस्थिमज्जा नाकारतं, हे १९६०च्या दशकापासून माहीत होतं. आईच्या पेशींवर पिल्लाला परकं असं काही नसतं, मग का? कारण पिल्लाच्या अंगात दोघांच्याही खुणा असतात, आणि आईच्या पेशींवर बापाची खूण नसते. रांगोळी अर्धीच आहे.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर

'नसणं' ओळखायचं कसं? रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं असं प्रथिन, ज्याला समोरचं ठरावीक प्रथिन चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातो. पण नसलेली वस्तू चिकटणार कशी?

याचं उत्तर उलट्या बाजूने आहे. एन-के पेशीवर दोन स्वभावांचे रिसेप्टर असतात. काही ॲक्सिलरेटर, काही ब्रेक. समोरच्या पेशीला चिकटल्यावर दोघेही एकाच वेळी बोलतात. ब्रेकचे रिसेप्टर एचएलए शोधतात. ते सापडलं, की ब्रेक दाबला जातो. सापडलं नाही, की ब्रेक मोकळा राहतो आणि ॲक्सिलरेटरचं चालतं. म्हणजे पेशीला 'नसणं' वेगळं ओळखावं लागतच नाही, तिला फक्त ब्रेक लागला नाही एवढंच जाणवतं.

आत नेमकं काय होतं तेही सांगते, कारण ते फार साधं आहे. ॲक्सिलरेटरचा निरोप म्हणजे आतल्या प्रथिनांना फॉस्फेटचे टिळे लावत जाणं. पुरेसे टिळे लागले की मारण्याची यंत्रणा सुरू. ब्रेकच्या रिसेप्टरला एचएलए मिळालं की तो एसएचपी-१ नावाचं एन्झाइम आपल्या शेपटीपाशी बोलावतो, आणि ते हे टिळे पुसत सुटतं. शर्यत लावणाऱ्याची आणि पुसणाऱ्याची. ही शर्यत दोन पेशी जिथे चिकटल्या आहेत तेवढ्याच ठिकाणी चालते, म्हणून एका निरोगी पेशीवर ब्रेक लागला तरी एन-के पेशी कायमची थंड होत नाही. सोडते आणि शेजारच्या दारी जाते.

लावणारा जिंकला तर पुढचं काम थोडक्यात उरकतं. परफोरिन नावाचं प्रथिन समोरच्या पेशीला भोकं पाडतं, त्यातून ग्रँझाइम नावाची एन्झाइम आत जातात आणि पेशीला आत्महत्येचा आदेश देतात.

माणसात मुख्य ब्रेकना केआयआर म्हणतात. त्यांचा माग इटलीतल्या लोरेन्झो आणि अलेस्सांद्रो मोरेत्ता या भावांनी १९९०च्या आसपास काढला. उंदरातला ब्रेक अमेरिकेत वेन योकोयामा यांनी १९९२ साली ओळखला. गंमत अशी की उंदराचा ब्रेक आणि माणसाचा ब्रेक ही मुळातच वेगळ्या घराण्यांतली प्रथिनं आहेत. काम तेच, घडण निराळी. एकच अडचण उत्क्रांतीने दोनदा, दोन वेगळी अवजारं वापरून सोडवली आहे.

पण लाल रक्तपेशींना तर रांगोळीच नसते!

हा पहिला रास्त आक्षेप. लाल पेशींवर एचएलए जवळजवळ नसतं, तरी एन-के पेशी आपलं रक्त पिऊन टाकत नाहीत. कारण ब्रेक सुटल्याने गाडी आपोआप पळत नाही, ॲक्सिलरेटरवर पायही हवा. लाल पेशीवर तो पाय देणारं फारसं काही नसतं. कुलूप लावून गावाला गेलेल्या घरासारखं: रांगोळी नाही, पण आत कुणी नाही, आवाज नाही, वासही नाही. शेजारीण पुढे जाते.

आणि रांगोळी असून खिडकीतून धूर येत असेल तर?

धूर हुंगणारे रिसेप्टर वेगळे आहेत. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला एनकेजी-२-डी. निरोगी पेशीवर सहसा न दिसणारी काही प्रथिनं तो शोधतो. मायका आणि मायकबी ही त्यांतली दोन. पेशीच्या डीएनएला इजा झाली, विषाणू शिरला, किंवा पेशी कॅन्सरच्या वाटेला लागली, की ती पृष्ठभागावर उगवतात. पेशी जणू स्वतःच 'माझं काही खरं नाही' म्हणते. धूर पुरेसा दाट असेल, तर दारात रांगोळी असली तरी एन-के पेशी आत शिरते.

यावरही कॅन्सरने तोड काढली आहे. काही गाठी मायका पृष्ठभागावरून कापून रक्तात सोडून देतात. सगळ्या गल्लीत धूर करून ठेवायचा, म्हणजे आग नेमकी कुठल्या घरात लागली ते कळत नाही आणि वासाचंही काही वाटेनासं होतं.

आणखी एक ॲक्सिलरेटर आहे, सीडी-१६. तो अँटिबॉडीची शेपटी पकडतो. कुणीतरी आधीच दारावर खडूने फुली मारून ठेवलेली असते, एन-के पेशी फक्त ती फुली वाचते. रितुक्सिमॅब किंवा ट्रास्टुझुमॅब ही कॅन्सरवरची औषधं ज्यांच्या घरात कुणी घेतली असतील त्यांनी लक्षात ठेवावं: ती औषधं म्हणजे अशी फुलीच आहे, आणि त्यांचं काही काम सीडी-१६ असलेल्या पेशी करतात.

पुड्याचा कापलेला कोपरा

मला स्वतःला सगळ्यात आवडणारी युक्ती ही. एचएलए एकाच प्रकारचं नसतं. ए, बी आणि सी हे तीन मुख्य. त्यातलं एखादंच गायब झालं तर? यासाठी एचएलए-ई नावाची चौथी पाटी आहे. ए, बी, सी तयार होताना प्रत्येकाच्या सुरुवातीचा एक छोटा तुकडा कापून टाकला जातो. रांगोळीचा पुडा उघडताना कोपरा कापावा, तसा. एचएलए-ई हे कापलेले कोपरे गोळा करून दारात मांडतं. एनकेजी-२-ए नावाचा ब्रेक ते बघतो. कोपरे दिसतायत, म्हणजे आत रांगोळी उघडली गेली आहे. रांगोळी बघायची आणि पुड्याचे कोपरेही तपासायचे. आमच्या वाड्यातल्या शेजारणीही इतक्या चौकस नव्हत्या.

बाजारातली चिकटवायची रांगोळी

हल्ली फ्लॅटच्या दारात प्लास्टिकची स्टिकरची रांगोळी असते. सुतक असो, आजारपण असो, ती आपली तिथेच. सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या विषाणूने ही कल्पना आपल्या फार आधी वापरली. भारतात बहुतेक प्रौढांच्या अंगात तो गुपचूप वस्तीला असतो. तो टी-पेशीला चुकवायला एचएलए खाली खेचतो. मग एन-के पेशी येणार, म्हणून यूएल-१८ नावाचं एचएलएसारखं दिसणारं स्वतःचं प्रथिन दारात चिकटवतो, ब्रेकच्या गटातला एक रिसेप्टर त्याला फसतो. यूएल-४० या त्याच्या प्रथिनात तर पुड्याच्या कोपऱ्यासारखाच हुबेहूब तुकडा असतो, तो एचएलए-ईवर बसतो. आणि यूएल-१६ धुराची प्रथिनं घरातच कोंडून ठेवतं.

उंदरांच्या काही जातींनी यावर डाव उलटवला. त्यांच्या सायटोमेगॅलोव्हायरसचं एम-१५७ हे खोटं एचएलए थेट ओळखणारा ॲक्सिलरेटरच त्यांच्या एन-के पेशींवर आहे. स्टिकर दिसला की घर फोडायचं. २००२ साली हे उघड झालं. ब्रेकला फसवायला आणलेली वस्तू ॲक्सिलरेटरवर पाय देऊन बसली.

प्रत्येकाची रांगोळी वेगळी, मग पेशीला कळतं कसं?

एचएलए माणसागणिक वेगळं असतं, म्हणून तर किडनी बसवताना ते जुळवावं लागतं. केआयआरही माणसागणिक वेगळे, त्यांच्या जनुकांची संख्यासुद्धा सारखी नसते. वर, एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आणि केआयआरची एकोणिसाव्या. दोन्ही वारसे स्वतंत्रपणे येतात. एका केआयआरला एचएलए-सीच्या साखळीतल्या ८०व्या जागेवर लायसिन हे अमिनो आम्ल लागतं, दुसऱ्याला त्याच जागी अ‍ॅस्परजिन. आपल्याला मिळालेला ब्रेक आपल्या रांगोळीशी जुळेलच असं काही नाही. मग न जुळणारा ब्रेक घेऊन फिरणारी एन-के पेशी आपल्यालाच का खात नाही?

कारण तिचं शिक्षण होतं. योकोयामांच्या गटाने २००५ साली उंदरांवर दाखवलं, की वाढताना जिच्या ब्रेकला स्वतःचं एचएलए सापडलं तीच पेशी पुढे कामाला खरी तयार होते. जिला ते कधीच सापडलं नाही, ती मठ्ठ राहते. जिथे कधीच कुणी रांगोळी काढत नाही अशा वस्तीत वाढलेल्या मुलीला मोकळं दार खटकणार नाही, तसंच. जन्मजात दोषामुळे ज्यांच्या पेशींवर एचएलए फार कमी असतं अशी माणसंही आहेत. त्यांच्या रक्तात एन-के पेशी असतात, पण त्या मोकळ्या दारांवर तुटून पडत नाहीत.

आता काकांच्या जाहिरातीकडे आणि बहिणीच्या रिपोर्टकडे बघा. रक्तातला आकडा सांगतो शेजारणी किती. त्यातल्या शिकलेल्या किती, कुणाचा ब्रेक कशाशी जुळतो, आणि दारात काय दिसतंय, यातलं काहीच तो सांगत नाही.

आणि पोटातलं बाळ?

बाळ अर्धं बापाचं, म्हणजे रांगोळी अर्धी परकी. शिवाय गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के एन-के असतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण या गर्भाशयातल्या एन-के रक्तातल्यांपेक्षा वेगळ्या आहेत, मारण्यात मंद. त्यांचं काम आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करणं, म्हणजे वारेला (प्लॅसेंटाला) पुरेसं रक्त मिळतं. वारेच्या ज्या पेशी आईच्या अस्तरात शिरतात त्यांच्यावर एचएलए-ए आणि बी नसतं. सी असतं, ई असतं, आणि खास जी नावाचं असतं. दारं मोकळी नसतात.

केंब्रिजमधल्या ॲशली मॉफेट यांच्या गटाने २००४ साली एक जोडी दाखवली. आईकडे जवळजवळ फक्त ब्रेकच असलेला केआयआर-संच, आणि बाळाकडे तो ब्रेक जोरात दाबणारं, लायसिनवालं एचएलए-सी. अशा गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे वारेला रक्त नीट न मिळाल्याने आईचा रक्तदाब वाढण्याचा आजार, जास्त आढळला. नीट वाचा: त्रास एन-के जास्त चिडल्याने नाही, जास्त दबल्याने. 'मारेकऱ्यांना शांत करा' या उपदेशाला इथेच धक्का बसतो.

मग उपचारात उपयोग शून्य?

शून्य नाही, पण सरळही नाही. इटलीत पेरुजियाच्या डॉक्टरांनी २००२ साली रक्ताच्या कॅन्सरमधल्या अस्थिमज्जा रोपणाचा अनुभव मांडला. दात्याच्या एन-के पेशींना रुग्णाच्या पेशींवर ओळखीचं एचएलए सापडत नसेल, तर एका प्रकारच्या ल्युकेमियात आजार उलटण्याचं प्रमाण खूप घटलं. उंदराच्या पिल्लाचं ते जुनं कोडं इथे औषध झालं होतं. पुढे वेगळ्या पद्धतीच्या रोपणांत सगळीकडे तितका फायदा दिसला नाही.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून आलेल्या नेक्सकार-१९ या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, ते वाचलं असेल. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना कृत्रिम रिसेप्टर बसवतात. स्वतःच्याच लागतात, कारण दुसऱ्याच्या टी-पेशी रुग्णाच्या अंगावर उलटू शकतात. एन-के पेशींमध्ये ही भीती खूप कमी. २०२० साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी बाळाच्या नाळेच्या रक्तातल्या एन-के पेशींना तसाच रिसेप्टर बसवून ११ रुग्णांना दिला, ८ जणांमध्ये कॅन्सर मागे हटला. छोटा प्रयोग, पण परक्याच्या पेशी आधीच तयार ठेवता येतील ही शक्यता त्याने उघडली.

ब्रेकच काढून टाकायचा प्रयत्न मात्र आपटला. केआयआर बंद करणारं औषध मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना दिलं, तर पेशींवरून ब्रेक निघून गेले आणि पेशी चवताळण्याऐवजी मंदावल्या. एनकेजी-२-ए अडवणाऱ्या मोनालिझुमॅबची डोकं-मानेच्या कॅन्सरवरची मोठी चाचणी २०२२ साली फायदा दिसेना म्हणून थांबवली गेली. ज्या ब्रेकमुळे पेशी शिकते आणि सजग राहते, तो उपटून ती शहाणी कशी राहणार?

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, पटलं, पण बाटली काल रात्रीच मागवली. बहिणीने दोन प्रश्न कागदावर लिहून घेतले: हा आकडा रक्तातल्या एन-केंचा आहे की गर्भाशयातल्या, आणि कमी करायचं औषध देण्याआधी माझा केआयआर-संच कुणी बघितलाय का? पुढच्या गुरुवारी तिची अपॉइंटमेंट आहे.